चांगलं पाणी

इसानमध्ये पित्ताला ‘दी’ म्हणतात
आणि चांगल्यालाही ‘दी’च.
उच्चार तोच, सूरही तोच.
लाप कालवताना बाबा म्हशीच्या पित्ताचे
चार थेंब वरून सोडायचे.
कडवटपणा टाळूला चिकटल्याशिवाय
घास त्यांना घास वाटायचा नाही.
‘दी पडल्याशिवाय दी लागत नाही,’ म्हणायचे
आणि आपल्याच विनोदावर
आधी आपणच हसायचे.

आता पहाटेचे पावणेतीन. खोन केन.
विद्यापीठाच्या तळघरात मी आणि चुंबक.
त्याच्या पोटात हेलियम, उणे दोनशे एकोणसत्तर अंशांवर.
भिंतीपलीकडे तळ्यातले बेडूक.

दाराशी एक प्लास्टिकची टोपली आहे.
घड्याळ, किल्ल्या, गळ्यातली बुद्धाची तबकडी
तिथे काढून ठेवायची.
देवाला सोडून आत जायचं, असं सफाईवाल्या बुआलाय मावशी म्हणतात.
मनगटावरचा पांढरा दोरा मात्र चालतो.
सुताला चुंबक ओळखत नाही.

अठ्ठेचाळीस नळ्या, बोरूहून बारीक.
काहींत हळद, काहींत शेवाळ,
एक जवळजवळ काळी,
आणि एक इतकी फिकट
की यकृताने हात टेकल्याचं
न तपासताच कळावं.
प्रत्येकीत थोडं जड पाणी घालायचं,
अलगद. हलवलं की पित्त
साबणासारखं फेसाळतं,
साबणच तर आहे ते, तुपातेलाचा.

नळी आत उतरते, फिरू लागते.
पडद्यावर डोंगररांग उमटते.
ती उजवीकडून वाचायची.
शून्याच्या अलीकडे पित्ताम्लांची दाटी, खुरटी झुडपं,
मग उतार, मग पठार,
आणि तीन पूर्णांक दोनवर
कोलीनचा एकटा सुळका.
यकृत बिघडलं की तो खचतो,
असं आम्हाला वाटतं.
वाटतं, एवढंच. म्हणून अठ्ठेचाळीस.

कच्च्या माशातून आलेला पानाएवढा चपटा किडा,
पान म्हणजे चिंचेचं,
पित्ताच्या नळीत वीस-वीस वर्षं राहतो,
भाडं न देता.
जाताना घर पाडून जातो.

मंगळवारी बाबांचं पित्त काढलं.
ते या अठ्ठेचाळिसात आहे.
कितवं, ते मला माहीत नाही.
माहीत असू नये म्हणून तर आकडे,
आणि यादी डॉक्टर सिरिकान्यांच्या कुलपात.
‘तू या खेपेला सुट्टी घे,’ त्या म्हणाल्या होत्या.
मीच नाही म्हटलं.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

सतरा : सुळका क्षीण.
लिहिलं. हात स्थिर.
एकोणतीस : क्षीण.
तीसमध्ये हवेचा बुडबुडा, पुन्हा भरली.
हात थरथरला तो चौतीसला,
जिचा सुळका उंच, सरळ, ठणठणीत.
ही असू दे, पुटपुटले मी,
आणि त्याच क्षणी
दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीच्या हातातून
ती नळी काढून घेतली.

टोपलीत फोन ठेवलाय, तो घुरघुरतो.
या वेळी बाबाच. जाळं टाकायला उठले असणार.
बाहेर जाऊन घेते.
‘काय गं, माझं पाणी दी आहे का?’
अजून बघायचंय, मी म्हणते.
आणि मासे शिजवून खा.
पलीकडे वल्ह्याचा आवाज,
एक लांब श्वास.
‘शिजवलेल्या माशाला काय चव!’
तरीही.
‘बरं,’ म्हणतात. लिंबू पिळताना
म्हणतात तसंच, लक्ष दुसरीकडे ठेवून.

पुन्हा आत.
तबकडी टोपलीत, दोरा मनगटावर.
पस्तीस.